सोनाट्याची शेवटची दोन पानं

सरोजिनी धारूरकर राहतात समर्थनगरात. तिथून निराला बाजार पायी सात मिनिटं. निराला बाजारात सुलेखाचं चष्म्याचं दुकान आहे, काचेच्या दाराचं, चांगलं चालणारं. तरी गेली चौदा वर्षं बाई चष्मा करायला रिक्षानं पार सिडकोत, कॅनॉटला जात होत्या. कुणी विचारलंच तर तिथला माणूस हुशार आहे म्हणून सांगत. हुशार कसला! एकदा त्यानं डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लावला आणि बाई महिनाभर जिन्याच्या पायऱ्या पायानं चाचपत उतरत होत्या. पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याचकडे.

बहात्तर वर्षांची, बी.ए. झालेली, तोंडावर बोलायला कुणाला न भिणारी बाई एका दुकानावरून जायला नको म्हणून रस्ता बदलते, तेव्हा त्यामागे काहीतरी असणारच. होतं ते एवढंच, की सुलेखा अकरा वर्षांची असताना बाईंनी तिला क्लासातून घालवून दिलं होतं, आणि पोरगी बरोबर होती.

हे नीट कळायचं तर पियानोपासूनच सुरुवात करायला हवी.

सरोजिनीबाईंचे वडील पैठणचे. देवळातली वृत्ती आजोबांच्याच काळात सुटलेली, म्हणून कचेरीत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी कीर्तनात पेटीची साथ. मांडीला मांडी लावून बसलेली पोर पाहून पाहून पेटी शिकली. कीर्तनकाराचा आवाज आज चढा, उद्या बसलेला. आज त्याचा सा पांढरी चारला, उद्या काळी एकला. साथीदारानं कुरकुर करायची नाही, गाणारा म्हणेल ती पट्टी सा मानायची आणि पुढं चालायचं. सरोजिनीच्या कानाला ही सवय इतकी मुरली, की कुठलीही पट्टी दोन क्षण कानावर पडली की त्यांना ती घरची वाटू लागे. पेटीला हा मोठा गुण. पुढं त्यानंच घात केला.

लग्न होऊन त्या शहरात आल्या. नवरा लक्ष्मणराव, जिल्हा परिषदेत बांधकाम खात्यात. अबोल आणि हौशी. १९८१ साली छावणीतल्या एका बंगल्याचं सामान विकायला निघालं होतं, त्यातला उभा पियानो त्यांनी उचलला आणि हातगाड्यावर घालून घरी आणला. चार हमाल आणि मागून सायकलवर लक्ष्मणराव. बायकोला सांगितलं, तुझ्या पेटीची थोरली बहीण आणलीय.

पियानोबरोबर एक स्टूल आलं. त्याचं झाकण उघडलं की आत खण, आणि खणात नोटेशनची वही. म्हणजे एके काळी पुस्तक होतं ते, पण बांधणी सुटलेलं आणि मागून वाळवी लागलेलं. छावणीतल्या एका शाळेत केरळकडच्या एक सिस्टर होत्या. त्यांच्याकडे बाई दोन वर्षं आठवड्याला दोनदा जात. नोटेशन वाचायला शिकल्या, डावा हात सुटा झाला, आणि त्या पुस्तकातला सोनाटा हाती घेतला. चार पानं झाली आणि सिस्टरांची नागपूरला बदली झाली. पाचवं आणि सहावं पान वाळवीनं खाल्लेलं. त्यापुढचे दोन स्वतंत्र तुकडे, एक संथ आणि एक जलद, तर पूर्ण गेलेले. सिस्टर म्हणाल्या होत्या, नवं पुस्तक पाठवते. ते आलं नाही.

आता सोनाटा म्हणजे काय, ते बाई मुलांना पाटीवर काढून दाखवत, आणि दाखवत मात्र फार छान. एक घर काढायच्या. हे पांढरी पाच, म्हणजे इंग्रजीत जी. इथं पहिली चाल राहते. ती घरात येरझाऱ्या घालते, मग दार उघडून निघते आणि पुढच्या गल्लीत, पांढरी दोनला, डीला जाते. तिथं दुसरी चाल भेटते, मऊ, थोडी लाडिक. दोघी तिथंच थांबतात. हा पहिला भाग. मग मधला भाग, त्यात नुसतं भटकणं: दोन्ही चालींचे तुकडे घ्यायचे, मोडायचे, अनोळखी गल्ल्यांतून न्यायचे, अंधारात चुकवायचे. आणि तिसऱ्या भागात पहिली चाल पुन्हा घरी, पांढरी पाचला. निघणं, भटकणं, परतणं. मुलांना हे चटकन समजे.

बाईंचं चौथं पान नेमकं तिथंच संपत होतं. भटकणं झालं, पहिली चाल घरी पोचली आणि पान खलास. मग बाईंनी काय केलं? एक पातळ थिअरीचं पुस्तक होतं, त्यात एक वाक्य होतं, की तिसऱ्या भागात पहिला भाग पुन्हा येतो. बस. त्यांनी पान उलटून पुन्हा पहिल्या पानावर जायचं ठरवलं. तेच पहिलं पान, तेच दुसरं, आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी सोनाटा संपला.

पण पुन्हा म्हणजे जसंच्या तसं नव्हे. हा तर सोनाट्याचा सगळा कणा आहे. तिसऱ्या भागात दुसरी चालसुद्धा पांढरी पाचला येते. गल्लीत राहणारी ती, शेवटी पहिलीच्या घरी राहायला येते, आणि मग सगळं मिळून घरी संपतं. बाईंचा सोनाटा मात्र परत आला, उंबऱ्यावर पाणी प्यायला आणि पुन्हा दार उघडून पुढच्या गल्लीत जाऊन बसला. तिथंच संपला. बाईंच्या कानाला काही खटकलं नाही, कारण बाईंचा कान पेटीचा. पांढरी दोन कानावर पडली, त्यांनी तिला सा मानलं आणि समाधानानं हात मांडीवर ठेवले.

इथपर्यंत चूकच म्हणावी. चूक कुणाचीही होते.

१९८३ साली त्यांनी क्लास सुरू केला. शहरात पियानो शिकवणारं दुसरं कुणी फारसं नव्हतं. दर डिसेंबरात एका रविवारी सकाळी दिवाणखान्यात आणि अंगणात खुर्च्या टाकून मुलांचा कार्यक्रम व्हायचा, आणि शेवटी त्या वर्षीचा सगळ्यांत तयार विद्यार्थी सोनाटा वाजवायचा. धारूरकर बाईंचा सोनाटा असंच लोक म्हणायचे. पानं नाहीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. मुलांना बाई हातानं उतरवलेली प्रत द्यायच्या. त्यात चौथ्या पानाखाली सुरेख अक्षरात लिहिलेलं असे, की येथून पुन्हा पान एक.

सुलेखा आली ती पंच्याण्णव साली. पोस्टमास्तरांची मुलगी, किरकोळ, दोन वेण्यांची, बोलताना नाक ओढायची सवय. सोनाटा तिला अजून लागलाही नव्हता. मोठ्या मुलांचा ऐकून ऐकून तिनं बसवला. एक दिवस आठ-दहा मुलांसमोर तिनं वाजवला, आणि दुसरं पान पुन्हा आलं तेव्हा दुसरी चाल तिनं खाली ओढली. पांढरी पाचला. डाव्या हाताला जागा पुरेना, बोटं एकमेकांवर चढली, पण ती संपवून थांबली आणि म्हणाली,

"बाई, हे असं असायला पाहिजे ना? नाहीतर ते घरी येतच नाही."

बाईंना त्या क्षणी काय वाटलं, हे त्यांनी पुढं कितीतरी वर्षं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. वाळवीनं खाल्लेली पानं डोळ्यांसमोर आली. आणि तोंडातून मात्र आलं, की तू काय लिहिणाऱ्यापेक्षा शहाणी झालीस का? मुलं हसली. बाईंनी हसू दिलं. संध्याकाळी सुलेखाची आई न्यायला आली, तेव्हा तिला बाजूला घेऊन सांगितलं, की मुलीला कान नाही, उगाच तिचा वेळ घालवू नका, अभ्यासात हुशार आहे, तिकडं लक्ष द्या.

कान नाही. सगळ्या क्लासात एकटीला कान होता तिला.

सुलेखा पुन्हा आली नाही. त्यानंतर वर्षाच्या कार्यक्रमात सोनाट्याचा शेवट आला, की बाई खुर्च्यांकडे न बघता दारावरच्या तोरणाकडे बघायच्या. पुढं वाटलं असतं तर पुण्याहून नवं पुस्तक मागवणं काही अवघड नव्हतं. लक्ष्मणराव दोनदा स्वतःहून म्हणाले होते, आणतो. बाई म्हणाल्या, कशाला, आपलं आहे की.

लक्ष्मणराव जाऊन आता नऊ वर्षं झाली. क्लास चालू आहे. मुलं कमी झाली. कीबोर्ड घेऊन घरी मोबाइलवर शिकतात. उरलेल्यांत या वर्षी सगळ्यांत तयार म्हणजे राजनंदिनी. मुकुंदवाडीची. वडील चिकलठाण्याला कंपनीत, शेती देवगाव रंगारीला. सतरा वर्षांची, उंच, कमी बोलणारी. तिच्याबरोबर तिची आजी भागूबाई येते. नातीला एकटी सोडायची नाही हे तिचं एक काम आणि व्हरांड्यात बसून बाईंच्या कुंड्यांतलं गवत उपटायचं हे दुसरं. ते तिला कुणी सांगितलेलं नाही. पियानोला ती मोठी पेटी म्हणते. एकदा बाईंना म्हणाली होती, तुमची पेटी लई भारी बाई, पर भाता कोन मारतं तिचा?

नोव्हेंबर संपता संपता एका दुपारी राजनंदिनी आली. ती दुसरीकडे गाणंही शिकते, म्हणून तिच्या मोबाइलवर तंबोरा असतो. तिनं मोबाइल पियानोवर ठेवला, पांढरी पाचचा तंबोरा लावला आणि विचारलं, "बाई, आज याच्यावर वाजवू का? घर कुठंय ते सारखं ऐकू येतं."

बाईंना कल्पना आवडली. पाटीवर घर काढण्यापेक्षा हे बरं, म्हणाल्या. वाजव.

तिनं वाजवलं. पहिली चाल तंबोऱ्यात विरघळून गेली. दुसऱ्या चालीला तंबोरा आणि पियानो एकमेकांना टोचू लागले. बाईंनी मान डोलावली. बरोबर, बाहेर गेलोय आता. मधल्या भागात तर दोघांचं भांडणच. मग पहिली चाल परतली आणि खोली एकदम शांत झाल्यासारखी वाटली. इतकं ते स्पष्ट होतं, की बाई हसल्या. मग राजनंदिनीनं बाईंच्या प्रतीप्रमाणे पान एक, पान दोन वाजवलं, आणि दुसरी चाल पुन्हा टोचू लागली. टोचतच राहिली. शेवटचा स्वर पियानोवर पडला तो पांढरी दोनचा आणि खाली तंबोरा आपला पांढरी पाच, पांढरी पाच म्हणत राहिला. राजनंदिनीनं हात उचलले नाहीत. तंबोरा बंदही केला नाही.

एक्केचाळीस वर्षांत बाईंच्या कानाला पहिल्यांदा दुसऱ्या कुणी धरून ठेवलं होतं. सा हलवायला जागा नव्हती.

"बंद कर ते," बाई म्हणाल्या.

तिनं बंद केलं. मग पिशवीतून चार कागद काढून स्टँडवर ठेवले. छापलेले. पाचवं पान, सहावं पान, दोन-दोन प्रतीत. खाली मान घालून म्हणाली, "नेटवर फुकट मिळतं, बाई. तुमाला सांगायचं कसं ते कळंना, म्हणून तंबोरा लावला."

बाईंनी विचारलं, किती दिवसांपासून माहीत आहे? तिनं कागदांचे कोपरे जुळवले. पुन्हा विचारल्यावर म्हणाली, दोन वर्षं. मला तनुजाताईंनी सांगितलं.

तनुजा म्हणजे बाईंची अभिमानाची विद्यार्थिनी. पुण्यात तिचा स्वतःचा क्लास आहे, भिंतीवर बाईंचा फोटो आहे. बाईंनी तिथंच, राजनंदिनीसमोर, तिला फोन लावला. तनुजा आधी इकडचं तिकडचं बोलली. मग कबूल केलं. सगळ्यांनाच माहीत आहे, बाई. वीस वर्षांपूर्वी पुण्याला पियानोच्या परीक्षेला बसलेल्या पहिल्या मुलीला परीक्षकांनी शेवटी थांबवून विचारलं होतं, हे काय? तेव्हापासून जुनी मुलं नव्यांना सांगत आली: परीक्षेत छापलेला शेवट, बाईंसमोर बाईंचा शेवट. दोन्ही बसवायचे. ग्रूपवर त्याला बाईंचा शेवट असंच म्हणतात, पण प्रेमानं हं. तुम्हाला वाईट वाटलं असतं.

बाईंनी फोन ठेवला. वीस वर्षं म्हणजे, दर डिसेंबरात, ती सगळी मुलं बाईंना सांभाळून घेत होती. आजारी माणसासमोर आजाराचं नाव काढत नाहीत तसं. आणि या समजत होत्या, की आपण शिकवतोय. कान तापले त्यांचे. पदरानं चेहरा पुसला आणि घाम नसताना पुन्हा पुसला.

व्हरांड्यातून भागूबाई दारात आली. हाताला माती. म्हणाली, "पोरीनं काय मोडलं का बाई तुमचं?"

"तिनं नाही मोडलं. आधीचंच मोडलेलं होतं."

"मग ती रडाया का लागली?"

राजनंदिनी खरंच रडत होती. बाईंनी तिला पाणी दिलं, आणि पानं ठेवून जा म्हणाल्या. ती गेल्यावर बाई स्टुलावर बसल्या आणि पाचवं पान वाचू लागल्या. चष्मा नीट नव्हता. रेघा एकात एक मिसळत होत्या. पण कळायला फार वाचावं लागलं नाही. दुसरी चाल पांढरी पाचला होती. अकरा वर्षांच्या पोरीनं नुसत्या कानानं जे ओळखलं, ते.

मुलांनी सांभाळून घेतलं त्याची लाज होतीच, पण ती सोसण्यासारखी होती. लोक हसतील, हसू देत. सुलेखाचं तसं नव्हतं. तिच्या बाबतीत चूक केली नव्हती. खोटं बोलल्या होत्या. हे ओझं दोन दिवस घरात वागवल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता बाई चपला घालून निघाल्या. सात मिनिटांच्या वाटेला त्यांना वीस मिनिटं लागली. वाटेत त्यांनी एक वाक्य तयार केलं: मला तेव्हा माहीत नव्हतं गं.

सुलेखा काउंटरमागे होती. चाळिशीची, केस आखूड कापलेले, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. तिनं ओळखलं. नमस्कार केला, बसवलं, दुकानातल्या पोऱ्याला चहा सांगितला आणि बाईंचा जुना चष्मा हातात घेऊन उजेडाकडे धरला. कुणी करून दिला हा? नंबर किती जुना आहे? बाई म्हणाल्या, ते राहू दे, मी दुसऱ्या कामाला आले. पण सुलेखानं त्यांना मशीनसमोर बसवलंच. हनुवटी इथं ठेवा, कपाळ इथं टेकवा. मग अशी हनुवटी टेकवलेली असताना, तोंड धड उघडता येत नसताना, बाईंनी सगळं सांगितलं. वाळवी, चौथं पान, नेटवरची पानं, तंबोरा. तू बरोबर होतीस. कान नाही असं मी तुझ्या आईला सांगितलं, ते खोटं होतं.

सुलेखानं भिंगं बदलली. वरची ओळ दिसते का विचारलं. बाईंनी वाचून दाखवली. मग तिनं मशीन बाजूला सारलं.

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं का, बाई?"

वाटेवर केलेलं वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. बाईंनी ते गिळलं.

"पानं नाहीत, हे माहीत होतं. तू बरोबर आहेस हे त्या दिवशी कळत होतं, पण मला कळून घ्यायचं नव्हतं. मुलांसमोर होतं ना."

सुलेखा बराच वेळ काउंटरवरची काच पुसत राहिली. मग म्हणाली, आमच्या घरी पुढं रेडिओ लागला की आई म्हणायची, हिला काय समजतंय त्यातलं. थट्टेनंच म्हणायची. मी लग्नात मंगलाष्टकांनासुद्धा तोंड उघडलं नाही. एवढंच बोलली. चष्मा मंगळवारी मिळेल म्हणाली. बाईंनी रविवारच्या कार्यक्रमाला ये म्हणून सांगितलं. तिनं बघते म्हटलं, आणि आपल्याकडे बघते म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त. तनुजा पुण्याहून आलेली, जुनी मुलं आपापल्या मुलांना घेऊन आलेली. बाईंनी शेवटच्या क्रमांकाआधी उभं राहून सगळं सांगितलं, कागद न घेता, पाच मिनिटांत. पांढरी पाच आणि पांढरी दोन समजावली. एक्केचाळीस वर्षं मी तुम्हाला अर्ध्या वाटेवर सोडत होते, म्हणाल्या, आणि एका मुलीनं हे ओळखलं तेव्हा तिचं मी तुमच्यातल्या काहींसमोर हसं केलं. नाव घेतलं नाही. ते सुलेखाचं होतं, ती इथं नसताना वापरायचा हक्क त्यांना वाटला नाही. दारापर्यंत सगळ्या खुर्च्या त्यांनी दोनदा बघून घेतल्या होत्या.

राजनंदिनीनं सोनाटा छापलेल्या सहाही पानांनिशी वाजवला. पाचव्या पानावर दुसरी चाल घरी आली, सहाव्यावर सगळं पांढरी पाचला संपलं. दोन क्षण कुणी टाळी वाजवली नाही, कारण अर्ध्या लोकांचे हात जुन्या शेवटाची वाट बघत होते. भागूबाईनं शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "झालं न्हव?" तेव्हा टाळ्या पडल्या.

आणि मग जे झालं त्याची बाईंना कल्पना नव्हती. तनुजा शाल आणि श्रीफळ घेऊन उठली. माइकवर म्हणाली, की या वयात, सगळ्यांसमोर, असं कबूल करायला केवढं मोठं मन लागतं. लोक उभे राहिले. दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. कबुलीचासुद्धा यांनी सत्कार करून टाकला. शाल खांद्यावर पडली आणि बाईंना वाटलं, आत्ता जमिनीत गेले तर बरं. सत्कार जिचा व्हायला हवा होता, तिला आईनं रेडिओसुद्धा नीट ऐकू दिला नाही.

"ही काढून घे, तनुजा," त्या हळूच म्हणाल्या. "फोटो नको."

तनुजाला वाटलं, विनय. तिनं फोटो काढून घेतला.

मंगळवारी बाई चष्मा आणायला गेल्या. दुकानात गिऱ्हाईक होतं. त्या बाकावर बसून राहिल्या. गिऱ्हाईक गेल्यावर सुलेखानं चष्मा त्यांच्या नाकावर बसवला, कानामागची काडी वाकवून पुन्हा बसवली. रविवारी काय झालं ते तिला कुणीतरी सांगितलेलं होतं. गाव केवढं आहे. शालीचं तिनं विचारलं नाही. काडी तिसऱ्यांदा वाकवताना म्हणाली,

"मी वाजवलेलं आठवत नाही मला. खऱ्यासारखं होतं का ते?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. तिला बरंही वाटलं असतं.

"बरंचसं," बाई म्हणाल्या. "दुसरी चाल तू खाली नेली होतीस. छापलेल्यात ती वर जाते. घर तेच. तुझी जास्त चांगली होती का, ते मला सांगता येत नाही. मी नीट ऐकलीच नाही."

सुलेखा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून थोडी हसली, किंवा चष्मा सरळ आहे का ते बघत असेल. बाईंनी विचारलं, येशील का एकदा? पियानो उघडाच असतो. मी बाहेर बसेन.

"नाही, बाई. नाही येणार."

बाईंनी मान हलवली. पिशवी उचलली. दारापाशी गेल्या तेव्हा सुलेखानं मागून सांगितलं, की काडी सैल झाली तर इथंच आणा, आणि आता परत त्या कॅनॉटला जाऊ नका. त्याला काही येत नाही.

बाई रस्त्यावर आल्या. समोरच्या दुकानांच्या पाट्या अगदी स्पष्ट दिसत होत्या, लांबच्यासुद्धा.